किलोमीटर राहू द्या, पार्किंग कुठलं काढणार ते सांगा

स्थानिक निवडणूक जवळ आली की जाहीरनाम्यांत सायकल उगवते. 'अमुक किलोमीटरचे सायकल ट्रॅक उभारू' हे आश्वासन जवळजवळ प्रत्येक पक्षाकडे असतं आणि माझ्या मते त्याइतकं निरुपयोगी आश्वासन दुसरं नाही. किलोमीटर कुठेही भरून काढता येतात. नदीकाठी, बागेभोवती, शहराबाहेरच्या ऐसपैस रस्त्याकडेला, म्हणजे जिथे कुणाचं काही काढून घ्यावं लागत नाही तिथे. सायकलवाल्याला धोका असतो तो चौकात आणि दुकानांच्या रांगेसमोर. तिथली जागा कुणीतरी आधीच धरून ठेवलेली असते. म्हणून उमेदवार दारात आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: कोणत्या रस्त्यावरचं, कोणत्या बाजूचं पार्किंग काढणार आणि निवडून आल्यावर कितव्या महिन्यात?

'सगळ्यांना सोबत घेऊन मार्ग काढू' असं उत्तर आलं तर काही निघणार नाही, हे समजून चालायचं.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते रुंदीचा हिशोब मांडला की कळतं. समजा, दोन्ही कडेच्या दगडांमधला रस्ता १२ मीटर आहे. दोन्ही बाजूंना पार्किंगचे दोन-दोन मीटर आणि मधे येण्या-जाण्यासाठी चार-चार मीटरच्या दोन मार्गिका. चार मीटरची मार्गिका म्हणजे वेगाला उघड आमंत्रण, तीन मीटर पुरतात. एका बाजूचं पार्किंग काढून मार्गिका तीनवर आणल्या की चार मीटर मोकळे होतात. त्यात दीड-दीड मीटरचे दोन ट्रॅक, पार्किंगच्या बाजूला ०.७ मीटरची मोकळी पट्टी आणि दुसऱ्या बाजूला ०.३ मीटरचा दुभाजक, असं सगळं जेमतेम बसतं. दीड मीटरच्या ट्रॅकमध्ये मागून येणाऱ्याला ओव्हरटेक करता येत नाही आणि मालवाहू तिचाकी आली तर सगळी रांग तिच्या मागे. दोन्ही बाजूंचं पार्किंग काढलं तर मात्र सहा मीटर मिळतात: अडीच-अडीच मीटरचे ट्रॅक आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दुभाजक. रस्त्यावरून बस जात असेल तर मार्गिका ३.२५ मीटर धरायची आणि ट्रॅकमधून तेवढं वजा करायचं. 'जागाच नाही' म्हणणाऱ्याच्या हातात मोजपट्टी द्यावी. जागा बहुतेक वेळा असते, ती कुणाला द्यायची याचा निर्णय झालेला नसतो.

पार्किंगला हात न लावता ट्रॅक केला की नुसता रंगाचा पट्टा उरतो, तोही उभ्या गाड्यांच्या दाराला चिकटून. गाडीचं दार पूर्ण उघडलं की साधारण एक मीटर बाहेर येतं. १.२ मीटरचा पट्टा म्हणजे जवळजवळ सगळाच दाराच्या टप्प्यात. अशा पट्ट्यापेक्षा पट्टा नसलेला रस्ता बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान सायकलवाला आपण होऊन दारांपासून लांब राहतो. पट्टा आखला की मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून त्याला त्यातच ढकलतो.

दुकानदारांचा विरोध होतो आणि तो खोटा नसतो, त्यांना खरंच भीती वाटत असते. पण अंदाज चुकलेला असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या एका बाजाररस्त्यावर पाहणी झाली तेव्हा दुकानदारांना वाटत होतं की ४१ टक्के गिऱ्हाईक कारने येतं, प्रत्यक्षात आकडा निघाला २२. उमेदवाराला अशी मोजणी प्रचाराआधीच करून दिली तर तो व्यापाऱ्यांच्या बैठकीत रिकाम्या हाताने जात नाही. मोजणी सोपी आहे: दुकानातून बाहेर पडणाऱ्याला एकच प्रश्न, 'कसे आलात?' कामाच्या एका दिवशी आणि सुट्टीच्या एका दिवशी, दोन्ही वेळा सकाळ-संध्याकाळ. माल उतरवायच्या जागा मात्र खरोखरच लागतात. त्या ट्रॅकच्या बाहेर, ठरावीक वेळेपुरत्या आधीच आखून ठेवाव्यात. त्या विसरल्या की पहिल्याच आठवड्यात टेम्पो ट्रॅकमध्ये उभा राहतो आणि योजना बदनाम होते.

आता 'कितव्या महिन्यात' याबद्दल. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६-०७ मध्ये सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं जाळं एका झपाट्यात उभारलं, पक्क्या कडांनी गाड्यांपासून वेगळं केलेलं. रोजच्या सायकल फेऱ्या सहा हजारांच्या आसपास होत्या, त्या काही वर्षांत सत्तर हजारांवर गेल्या. २०११ मध्ये पालिकेची सत्ता विरोधी पक्षाकडे गेली, तरी ट्रॅक जागेवर राहिले. इतके लोक रोज वापरत असलेली गोष्ट उखडणं कुठल्याच पक्षाला परवडत नाही. याच्या अगदी उलट कॅनडातल्या टोरांटोचा जार्व्हिस स्ट्रीट. तिथे २०१० मध्ये रस्त्यावर पट्टे आखले गेले, त्याच वर्षी महापौर बदलला आणि २०१२ मध्ये पट्टे पुसले गेले. दोन्हीकडून घ्यायचा धडा साधा आहे. काम पहिल्या वर्ष-दीड वर्षात उभं राहिलं पाहिजे, जोडलेलं असलं पाहिजे आणि दगडी कडांचं असलं पाहिजे. शेवटच्या वर्षी आखलेला सुटा पट्टा हा पुढच्या निवडणुकीत विरोधकांना दिलेला आयता मुद्दा.

थोड्या पैशांत मोठं काम होऊ शकतं, हेही उमेदवारांना माहीत नसतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने सप्टेंबर १९७७ मध्ये मध्यवर्ती भागाचे चार भाग केले. सायकलने आणि पायी कुठूनही कुठे जाता येई. कारला मात्र एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येईना, बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून यावं लागे. हा बदल मुख्यतः एकेरी मार्ग आणि फलक बदलून एका रात्रीत अमलात आला. वस्तीतल्या गल्ल्यांमधून शॉर्टकट मारणाऱ्या गाड्या थांबवायला आजही हीच युक्ती चालते. गल्लीच्या एका तोंडाशी बोलार्ड, म्हणजे रस्त्यात रोवलेले बुटके खांब, लावायचे, दोन बोलार्डमध्ये दीड मीटरची मोकळी फट ठेवायची. मालवाहू सायकल आणि व्हीलचेअर जाते, कार जात नाही. फट एक मीटर केली की तिचाकीवाले अडकतात, दोन मीटर केली की कार शिरते. मधला बोलार्ड कुलूप काढून आडवा होणारा हवा, म्हणजे अग्निशमन दल येऊ शकतं. मोटरसायकलींना मात्र ही फट अडवत नाही. त्यासाठी देखरेख लागते, आणि ती कोण करणार हेही आधीच विचारून ठेवावं.

खरी परीक्षा चौकाची. पुष्कळ शहरांत ट्रॅक चौकाच्या तीस मीटर आधी संपतो, नेमका लागतो तिथेच. गाडी वळते आणि सायकल सरळ जाते, तेव्हाच बहुतेक धडका होतात. ट्रॅक गाड्यांना खेटून असेल तर वळणाऱ्या चालकाला सायकल मागून, आरशाच्या कोपऱ्यात दिसते. ट्रकचालकाला तेवढीही दिसत नाही. उपाय असा: चौकाजवळ ट्रॅक गाड्यांच्या मार्गिकेपासून पाच-सहा मीटर आत वळवायचा. मग गाडी आधी वळते आणि ट्रॅकपाशी पोचते तेव्हा सायकल तिच्या समोर, जवळजवळ काटकोनात असते. मधल्या जागेत एक गाडी थांबू शकते, मागची वाहतूक तुंबत नाही. कोपऱ्यावर दगडी बेट, त्याची त्रिज्या चार-पाच मीटर. त्रिज्या दहा मीटर ठेवली की गाड्या ब्रेकला पाय न लावता वळतात. 'मग बस आणि ट्रक कसे वळणार?' हा अभियंत्यांचा नेहमीचा प्रश्न, आणि रास्तही. त्यासाठी बेटाबाहेर तीन-चार सेंटिमीटर उंचीचा खडबडीत दगडी पट्टा करतात. मोठ्या वाहनाची मागची चाकं त्यावरून जातात, कारवाला तो टाळून हळू वळतो. सायकलींची थांबायची रेषा गाड्यांच्या पुढे आणि त्यांचा सिग्नल तीन ते सात सेकंद आधी हिरवा.

हे सगळं नकाशात बरोबर असूनही जागेवर फसतं. बहुतेक वेळा चौकाआधीच्या दहा मीटरमध्ये गाड्या उभ्या राहतात, नाहीतर जाहिरातीचा फलक आडवा येतो आणि नजर अडते. ट्रॅक वळवला तिथे उतार न काढल्याने पाणी साचतं. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेने बसवल्या तर चाक अडकतं, त्या आडव्याच हव्यात. कडेचा उभा दगड ट्रॅकच्या बाजूने दहा-बारा सेंटिमीटर उंच असेल तर पेडल आपटतं आणि अरुंद ट्रॅकची वापरता येणारी रुंदी आणखी घटते. तिथे पाच-सहा सेंटिमीटरचा उतरता दगड पुरतो. दोन्ही दिशांचा ट्रॅक रस्त्याच्या एकाच बाजूला केला असेल तर गल्लीतून बाहेर येणारा चालक एकाच दिशेला बघतो. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक आणि फुटपाथ दहा-बारा सेंटिमीटर उंच, सलग नेले नाहीत तर असा ट्रॅक करूच नये.

वेगाबद्दल उमेदवार मोघम बोलतात, म्हणून आकडे जवळ ठेवावेत. चालकाला भानावर यायला एक सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर, ताशी ३० वेगाची गाडी सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० ची गाडी तेवढ्या अंतरात ब्रेक लावायलाही सुरुवात करत नाही, ती थांबते २८ मीटरवर. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा आणली. फिनलंडच्या हेलसिंकीत निम्म्याहून जास्त रस्ते आता ३० चे आहेत आणि २०२५ च्या जुलैपर्यंतचं सलग वर्ष तिथे एकाही रस्ते-मृत्यूविना गेलं. यामागे वेगमर्यादेबरोबर रस्त्यांची नवी आखणी, कॅमेरे आणि सार्वजनिक वाहतूकही आहे. नुसत्या फलकाने हे होत नाही.

आपल्या रस्त्यावरचा वेग मोजायला यंत्र लागत नाही. ५० मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सहा सेकंद लागले तर ताशी ३०, ३.६ सेकंद लागले तर ५०. हातात घड्याळ धरून वेळ मोजू नका. पाव सेकंदाच्या चुकीनेही ५० च्या वेगात तीन-चार किलोमीटरचा फरक पडतो. समोर गाडी नसलेली, मोकळी धावणारी शंभर वाहनं मोजा, वेगाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि पंधरावं बघा. त्याच्या वेगाला पंच्याऐंशीवा शतमक म्हणतात, म्हणजे शंभरातली साधारण पंच्याऐंशी वाहनं त्या वेगाच्या आत असतात, आणि अभियंते हाच आकडा मानतात, सरासरी नाही. सायकली मोजताना एकूण संख्येबरोबर बायका, मुलं आणि म्हातारी माणसं वेगळी मोजा. रस्ता सुरक्षित वाटतो की नाही हे त्यांच्या प्रमाणावरून कळतं, हेल्मेट घालून सुसाट जाणाऱ्या पंचविशीतल्या पोरांवरून नाही.

मागणी करण्याआधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते तपासा. तो वरच्या सरकारचा असेल तर नगरसेवक फार तर पत्र लिहील. पालिकेचा असेल तर पुढच्या वर्षीच्या डांबरीकरणाची यादी मागा. नवं डांबर पडलं की पट्टे नव्याने आखावेच लागतात, आणि त्या दिवशी ते वेगळ्या जागी आखायला जवळजवळ जादा खर्च नसतो. महिनाभर उशीर झाला तर तेच काम वेगळ्या निविदेत जातं. म्हणून उमेदवाराकडून लेखी घ्यायचं वाक्य हे: 'यादीतल्या प्रत्येक रस्त्याचा आराखडा डांबर पडण्याच्या तीन महिने आधी लोकांना दाखवीन.'

निकालानंतर हार-तुऱ्यांत सगळे गुंतलेले असताना समित्यांवरच्या नेमणुका होतात. रस्ते आणि अर्थ या दोन समित्यांवर कोण गेलं ते बघा. लेखी दिलेला तुमचा नगरसेवक तिथे नसेल, तर आकडे घेऊन जो तिथे आहे त्याच्याकडे जा, मग तो कुठल्याही प्रभागाचा आणि पक्षाचा असो. अंदाजपत्रक मांडलं जाण्याआधी जा, नंतर फक्त दुरुस्त्या उरतात.