तुम्ही विचारलंत म्हणून: बिजागराला तेल का नाही घालत?

सोसायटीच्या मीटिंगला, लग्नात, लोकलमध्ये, सगळीकडे हेच. "सॅटेलाइटच्या सोलर पॅनलचं बिजागर ना, तेल घालून मोकळं व्हा की, वर्षं कसली लागतात?"

अहो, व्हॅक्यूममध्ये साधं तेल उडून जातं आणि नेमकं लेन्सवर जाऊन बसतं. ग्रॅफाइट म्हणाल तर त्याला सरकायला हवेतली वाफ लागते, तिकडे ते स्वतःच झिजतं. म्हणून मोलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा, जेमतेम काही मायक्रॉनचा थर, आणि याचं बरोबर उलटं, व्हॅक्यूममध्ये झकास पण दमट हवेत भराभर झिजतो. आणि आम्ही बसलोय मुंबईत.

एका जुलैत पाहुणे आले. दमट हवा लागू नये म्हणून घातलेली नायट्रोजनची पिशवी काढा, पॅनल उघडून दाखवा. मी नको म्हटलं तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, एवढं नाजूक असेल तर वर काय टिकणार? सगळे हसले. मग उघड-बंद, उघड-बंद, कोणाचा फोटो हलला म्हणून परत उघड. बाहेर धो धो पाऊस, एसी कसाबसा चाललेला. नंतर मोजला तर टॉर्क, म्हणजे बिजागर फिरवायला लागणारा जोर, वाढलेला. लिमिटच्या आत होता, हे खरंय, सर तेच धरून बसले. मी नासाच्या गॅलिलिओ यानाचं उदाहरण काढलं: 1991 च्या एप्रिलमध्ये त्याचा छत्रीसारखा मोठा अँटेना अर्धवट उघडून अडकला, 18 पैकी काही काड्या सुटल्याच नाहीत, आणि तपासात मुख्य संशय आला तो ट्रकच्या प्रवासात घासून गेलेल्या कोरड्या वंगणावर. शेवटी सगळं खोलून नवीन कोटिंग केलं, शेड्यूल घसरलं, आणि उशिराच्या रिपोर्टमध्ये नाव कोणाचं, तर माझं.

आता खरं सांगायचं तर तो थर पाहुण्यांनी खाल्ला की त्याआधी आमच्याच टेस्टनी, हे मला आजही सिद्ध करता येणार नाही. पूर्वी मीच ओरडायचो, अजून टेस्ट करा, अजून करा. पण प्रत्येक टेस्ट थोडा थर खाते, आणि टेस्ट केलीच नाही तर वर पाठवायचं कशाच्या जोरावर? पॅनल उघडणारी स्प्रिंगच जास्त जोराची लावा म्हणतात, ती लावली की पॅनल उघडताना शेवटी दणका बसतो.

परवा नव्या बिजागराच्या किती टेस्ट घ्यायच्या यावर मीटिंग झाली. मी आधी कमी म्हणालो, चहा येईपर्यंत जास्त म्हणायला लागलो, आणि सरांनी मिनिट्समध्ये दोन्ही लिहून ठेवलंय.