"तुमच्या गावचा घोडा कोणता?"

लिथुआनियातल्या तेलशेई गावाजवळच्या शेतावर आजोबांनी असं विचारलं आणि मी पटकन सांगून मोकळा झालो, "मारवाडी." फोनवर फोटोही दाखवला, उंच, देखणा, कानांची टोकं आत वळलेली. त्यांनी तो नीट बघितला आणि पुन्हा विचारलं, "हा तुमच्या गावचा?"

नाही. माझं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. जुन्या भीमथडीतला माणूस मी, जिथली तट्टं त्याच नावाने ओळखली जातात, आणि घोडा सांगितला राजस्थानचा. दोन दिवस झाले, चैन पडत नाही.

आजोबा म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे. त्यांच्याकडे दोन घोड्या आणि यंदाचं एक शिंगरू आहे, तिन्ही झेमाइतुकास. लिथुआनियाच्या वायव्येकडच्या झेमाइतिया मुलखातलं हे मूळचं तट्टू. उंची जेमतेम 130 ते 140 सेंटिमीटर. पण छाती भरदार, खूर दगडासारखे, आणि दिवसभर चालवलं तरी दमत नाही असं इथले लोक अभिमानाने सांगतात. मध्ययुगात ट्युटॉनिक सरदारांशी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांशी, जी पिढ्यानपिढ्या झुंज झाली, ती याच तट्टांच्या पाठीवरून. त्या काळच्या लिथुआनियाच्या महाराजा व्हिताउतासचे घोडे थेट काळ्या समुद्राचं पाणी प्यायले, अशी इथली आख्यायिका आहे. ती ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. आपल्या राज्यगीतातली तट्टं यमुनेचं पाणी पितात, आणि ती भीमथडीचीच आहेत!

मग महायुद्ध आलं, सामुदायिक शेती आली, ट्रॅक्टर आले. 1990 नंतर सामुदायिक शेतं मोडली तेव्हा पैदाशीची जनावरं तीसच्या आसपास उरली होती. तीस! एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसं बसतात. तिथून या लोकांनी वंश काहीशेंवर आणला.

कसा आणला, ते मला शिंगराच्या पासपोर्टात दिसलं. युरोपात प्रत्येक घोड्याला पासपोर्ट लागतो आणि मानेत चिप. त्या पुस्तिकेत घोड्याची नुसती बाह्यरेषा छापलेली असते, आणि डॉक्टर तिच्यावर त्या जनावराच्या खुणा हाताने काढतात. कपाळावरचा टिळा, पायावरचा पांढरा पट्टा, आणि भोवरे. आजोबांनी शिंगराचं तोंड हातात धरून मला भोवरा दाखवला, मग कागदावरची खूण दाखवली. बरोबर त्याच जागी. आपल्याकडे भोवरा शुभ की अशुभ ते बघतात. इथे तो बोटांच्या ठशासारखा ओळखीला धरतात. मला हे फार आवडलं.

नियम मात्र कडक. शेजारच्या गावात चांगला नर आहे, पण तो घोडीच्या जवळच्या नात्यातला, म्हणून चालत नाही. वंशावळीची वही बघून लांबचा नर ठरतो आणि घोडी गाडीत घालून तिकडे न्यावी लागते. एवढ्या थोड्या जनावरांत सगळी एकमेकांची भावंडंच निघतात, त्यामुळे पर्यायही नाही. दुर्मीळ जात सांभाळल्याबद्दल सरकारकडून दरवर्षी अनुदान मिळतं. आजोबा म्हणाले, खर्चाला ते पुरत नाही, पण वही नीट राहते.

आता मला आपली बाजूही मांडू द्या. लिथुआनियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत, आपल्या पुण्याहून कमी. त्यांना जमलं यात त्यांचं कौतुक आहेच. पण आपलं तट्टू ना अनुदानाने जगलं, ना पासपोर्टाने. पेशवाई गेली, घोडदळ मोडलं, पागा ओस पडल्या, आणि तेव्हापासून ते धनगरांनी जगवलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. आमच्या रानात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरतं बिऱ्हाड, उतरायचा तेव्हा पुढे घोडी असायची. पाठीवर बाज, मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर, भांडी, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि दोन्ही बाजूंच्या झोळ्यांतून माना बाहेर काढलेली कोकरं. लहानपणी मी तिच्या पायाजवळ बसून भाकरी खाल्ली आहे. त्या घोडीलाही जात असते हे मला कधी कोणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

2024 च्या जानेवारीत भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली. संख्या पाच हजारांच्या आसपास. तीसपेक्षा खूपच बरी, आणि ती सगळी पुण्याई धनगरांची. पण वाडे कमी होत चाललेत. बिऱ्हाड टेम्पोत चढायला लागलंय. घोडीला काम उरलं नाही तर ती कोण पोसणार? इथे निदान मुलांना याच तट्टांवर बसायला शिकवतात, कारण ती बुटकी आणि शांत. आपल्या मुलांनाही त्यांवर बसवता येईल.

निघताना आजोबांना भीमथडीचा फोटो दाखवायचं कबूल केलं, आणि रात्री गावी दादांना फोन लावला. म्हणालो, दिवाळीनंतर वाडा आला की घोडीचे फोटो काढून पाठवा, चारही बाजूंनी, आणि कपाळाचा भोवरा जवळून.

दादा जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "गेल्या साली वाड्याबरोबर एकच घोडी होती. यंदा आली तर पाठवतो."