वायव्य कोपरा

सांगली, रविवार रात्र

आज माळ्यावरून खोकी उतरवली. तीस वर्षांच्या नोट्स. रद्दीवाला सकाळी यायचाय. हिचं म्हणणं, सगळंच देऊन टाका. मी एकेक वही उघडत बसलो आणि चहा दोनदा गार झाला.

पहिल्या वहीत नुसती सिम्प्लेक्सची टेबलं, म्हणजे घातलेल्या बंधनांत राहून सगळ्यात कमी खर्चाचं उत्तर शोधायची गणिती रीत. डँट्झिगने १९४७ साली काढलेली पद्धत मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल, देव जाणे. त्याच कामाचा करमरकरांचा १९८४चा अल्गोरिदम काढला की आडनाव ऐकून पोरं जरा सरळ बसायची, मग मागून कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, सिलॅबसमध्ये आहे का?" नव्हता. तरी खडूचं रिकामं खोकं हातात घ्यायचो. सिम्प्लेक्स म्हणजे खोक्याच्या कडेकडेने चालणारी मुंगी. क्ली आणि मिंटी यांनी १९७२ साली असं वाकडं खोकं मांडलं, की तिला आठही कोपरे फिरावे लागतात. करमरकर पोटातून जातात, असं म्हणून पेन्सिल आत खुपसायचो.

मग ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम. तीन गावांचा ऊस, चार साखर कारखाने, टनामागे भाडं; कमीत कमी खर्चात कुठला ऊस कुठं न्यायचा. टेबल वायव्य कोपऱ्यापासून, म्हणजे वरच्या डाव्या चौकटीपासून भरायला सुरुवात. वाळव्याकडचा एक मुलगा उठला. "सर, तोडलेला ऊस वाळतो की. वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. ते यात कुठं धरलंय?"

कुठंच धरलं नव्हतं. मी म्हणालो, आधी टेबल पुरं कर. त्याने केलं. दहापैकी दहा दिले.

पुढे पीएचडी मी त्याच्याच प्रश्नावर केली. फड, टोळ्या, गाड्या, गाळप, तोडल्यापासून किती तासांत गव्हाणीत. बंधनं लिहितालिहिता पानं भरली. एका चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, मॉडेल समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आणि मुकादम नाही म्हणाला तर?" मुकादमासाठी माझ्या गणितात चल (व्हेरिएबल) नव्हता. पेपर एका नियतकालिकाने परत पाठवला, गणिती नावीन्य कमी म्हणून. दोन वर्षांनी दुसरीकडे छापून आला. कारखान्यात कुणी वापरला नाही.

आणि तरीही मी प्रश्नपत्रिका काढायचो तेव्हा प्रश्न मांडायला चार गुण, टेबलाला दहा. शेवटपर्यंत. तपासायला सोपं पडतं, दुसरं काय.

त्या वहीच्या समासात निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात दोनच शब्द आहेत: वाळतो की. ती वही कपाटात ठेवली. बाकीची खोकी जिन्यात.