निकॉन पी९५० कॅमेरा अपडेट: २००० एमएम झूमचे फोटो बिघडवणारा चोर सापडला

मंडळी, सापडलं एकदाचं! मागच्या वेळी भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) टाकले होते ना, बोटीतून पी९५० च्या फुल झूमला काढलेले, पिसांच्या जागी नुसता गुलाबी लगदा, त्यावर निम्मे म्हणाले व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बंद कर, निम्मे म्हणाले लेन्स गंडलीय. दोन्ही नाही. गच्चीत ट्रायपॉड लावला, टायमर, व्हीआर ऑफ, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि पार पलीकडच्या सोसायटीच्या टाकीवरची अक्षरं काढली. सकाळी सातला एकदम खणखणीत. दुपारी बाराला तीच टाकी, तेच सेटिंग, आणि अक्षरं नाचतायत! बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) मारला तर दर फ्रेममध्ये वेगळीकडे वाकलेली, शटर १/१००० सेकंदावर नेलं तरी ढिम्म फरक नाही. पण त्याच उन्हात जवळच्या तारेवरचा बुलबुल टकाटक, डोळ्यातला हायलाइटसुद्धा दिसतोय (हा फोटो फ्रेम करणार!). म्हणजे सगळा खेळ मधल्या तापलेल्या हवेचा, आणि भिगवणला तर आपण ऊन चढल्यावर पाण्यावरून लांबचं मारत होतो.

गंमत म्हणजे खिशातल्या छोट्या सोनी आरएक्स१०० मार्क ७ कॅमेऱ्याने त्याच बोटीतून २०० एमएमला काढलेला थवा मस्त आलाय. तिथेही हवा तीच, पण एवढं मोठं करून दाखवतच नाही तर दिसणार काय. सेन्सरही पी९५० च्या जवळपास चौपट मोठा, सावल्या उचलल्या (उजळल्या) तरी दाणेदार घाण होत नाही. पी९५० ची रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) मात्र आयएसओ ८०० च्या वर मी तरी उघडत नाही.

आता पी९५० विकून सोनीचाच मोठ्या झूमचा आरएक्स१० मार्क ४ घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, मुंबईत फोर्टात सेकंडहँडचे भावही काढले (शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो मारले, हे विचारलं की दुकानदार चहा मागवतात), पण हे लिहितानाच हिशोब केला. पी९५० ची खरी फोकल लेंथ ३५७ एमएम (२००० हा ३५ एमएम फिल्मच्या मापातला आकडा), भागिले एफ-नंबर ६.५, आले ५५, म्हणजे उजेड आत येणाऱ्या भोकाची रुंदी. आरएक्स१० ची २२०, भागिले ४, तेही ५५! म्हणजे लांबच्या पक्ष्याकडून येणारा उजेड दोघांत सारखाच, वर सोनी ६०० ला थांबतो. ऑटोफोकस त्याचा कितीतरी वेगवान, उडत्या पक्ष्यांना तोच हवा, हे मान्य. पण बसलेल्यांसाठी एवढे पैसे? विक्री तूर्त रद्द.

त्यापेक्षा पहाटेची पहिली बोट, जोडीला कॅमेरा टेकवायला मोहरी भरलेली बीनबॅग, आणि झूम १२०० च्या पुढे न्यायचाच नाही, पक्षी लांब असेल तर सरळ आरएक्स१०० काढायचा. पुण्याच्या आसपास कोणाकडे आरएक्स१० असेल तर कळवा, एकाच फांदीवर दोन्ही लावून बघू.