होडी वर काढली

ग्रेनाडा बेट, कॅरिबियन, 29 मे 2025, रात्री

आज सकाळी आमची शिडाची होडी पाण्याबाहेर आली. क्रेनच्या दोन रुंद पट्ट्यांत ती उचलली गेली तेव्हा पोटाखालून धो धो पाणी गळत होतं, आणि शेवाळाचा, तळाला चिकटलेल्या शिंपल्यांचा ओला वास सगळ्या यार्डभर पसरला. ओहोटीला हर्णैच्या बंदरात असाच वास येतो. नवरा क्रेनवाल्याला खुणा करत होता आणि मी नुसती बघत उभी राहिले. सहा महिने पायाखाली डुलणारं घर आता लोखंडी टेकूंवर ताठ उभं आहे. वर चढायला शिडी लागते.

इथे 1 जूनला चक्रीवादळांचा मोसम लागतो, तो थेट 30 नोव्हेंबरपर्यंत. म्हणून आम्ही मेअखेर होडी जमिनीवर काढतो, जमिनीत रोवलेल्या कड्यांना पट्ट्यांनी जखडतो आणि घरी जातो. हे सगळं लोकांना समजावून सांगावं लागतं. आईला कधीच सांगावं लागलं नाही. आपल्याकडेही पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनलाच मासेमारी बंद होते. पहिल्या वर्षी तिने फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी वरच ना?" म्हटलं, "अगं, इथे दिवाळी उलटून जाते." "मग बरंच झालं की गो. सबंध पावसाळा घरी."

आई तांडेलाची मुलगी. आजोबा मालवाहू गलबतावर होते. नारळी पौर्णिमेनंतर गलबत निघालं की आजीला कित्येक आठवडे खबर नसे. चुलीपुढे बसून आजी वाऱ्याचा अंदाज कसा घ्यायची, ते आई अजून सांगते.

डिसेंबर 2022 मधला तो दिवस मात्र मला अजून पुरता लिहिता येत नाही. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला निघून नववा दिवस होता. पहाटेचा पहारा माझा होता. उपग्रहावरून संदेश घेणारं छोटं यंत्र किणकिणलं. भावाचा निरोप होता: "आई पडली. खुब्याचं हाड. उद्या ऑपरेशन. काळजी करू नको." साधारण साडेअकराशे सागरी मैल मागे आणि साडेपंधराशे पुढे. नवऱ्याला उठवलं. दोघांनी नकाशा पुढ्यात घेतला, पण बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी होते. मागे फिरायचं तर तेच वारे आणि त्याच लाटा तोंडावर घेऊन, म्हणजे पुढे जाण्यापेक्षा जास्त दिवस. वल्हवता आलं असतं तर मी वल्हवलं असतं. आम्ही बारा दिवस पुढेच गेलो. रात्री सुकाणूपाशी बसून मी आजीचा विचार करायचे. वाट बघणं तिच्या वाट्याला आलं होतं. माझ्यावर तर वाट बघायला लावणं आणि बघणं अशा दोन्ही गोष्टी एकदम आल्या होत्या.

हर्णैला पोचले तेव्हा आई वॉकर धरून ओटीवर आली होती. जवळ घेऊन तिने पहिला प्रश्न विचारला, "वारा कसा होता?" भाऊ काही बोलला नाही. वहिनीचे डोळे मात्र रात्री-रात्री जागून खोल गेलेले दिसले. त्या घरात माझ्या वाटणीचं काम दुसरं कुणीतरी करून बसलं होतं.

घर विकून, सगळं मागे टाकून कायमचे होडीवर राहायला गेलेले लोक आम्हाला बंदरोबंदरी भेटतात. त्यांतले काही आमचे जिवाभावाचे मित्र आहेत. मला ते जमणार नाही, आणि आता ते मी ठामपणे सांगते. त्या वर्षी आम्ही चौघांनी बसून ठरवलं: जून ते सप्टेंबर आई आमची. भाऊ-वहिनीने त्या महिन्यांत घराबाहेर पडायचं, हवं तिथे जायचं, आणि आईच्या गोळ्यांची वही माझ्या हातात द्यायची. ऑक्टोबर-नोव्हेंबर इंग्लंडला, लेकीजवळ. डिसेंबरात पुन्हा इथे. महासागर ओलांडायचा असेल तर तो विषय आधी भावापुढे मांडायचा. पॅसिफिक सध्या बाजूला ठेवला आहे. नवऱ्याला त्याचं वाईट वाटतं, मला माहीत आहे. पनामाच्या नकाशांची गुंडाळी त्याने यंदा गुपचूप खालच्या कप्प्यात सरकवली. मी ती पाहिली आणि काही बोलले नाही.

लेकीच्या बाबतीतही एक गोष्ट शिकायला लागली. 2023 च्या नाताळात ती बेक्वेला, इथून उत्तरेच्या एका बेटावर, येणार होती. तिची रजा ठरलेली, विमान ठरलेलं. त्या दिवसांत इथे वारा आठ-आठ दिवस जोरात सुटतो. आम्ही तीस नॉटच्या वाऱ्यात तिच्यासाठी उत्तरेकडे रेटत निघालो, आणि मुख्य शीड शिवणीवर वीतभर फाटलं. ती होडीवर आली तेव्हा मी मेणाचा दोरा आणि जाड सुई घेऊन बसले होते, बोटांना चिंध्या बांधलेल्या. ती म्हणाली, "माझ्यासाठी असं करू नकोस, आई. मीच येईन ना तुम्ही असाल तिथे." तेव्हापासून ती फक्त तारीख सांगते. जागा आम्ही तीन दिवस आधी कळवतो, उरलेला प्रवास ती फेरीबोटीने करते.

आणि गेल्या वर्षीचा 1 जुलै. बेरिल चौथ्या श्रेणीचं वादळ होऊन ग्रेनाडाच्या उत्तरेच्या कॅरिआकू बेटावर आदळलं, तेव्हा मी हर्णैला आईच्या खाटेशी बसून फोनवर ते गोल फिरणारं चित्र बघत होते. बाहेर पाऊस कौलांवर कोसळत होता. तिथल्या टिरेल बे या खाडीच्या कांदळवनात आसऱ्याला गेलेल्या होड्या एकमेकींवर चढल्या, मोडल्या. आमची होडी इथे दक्षिणेला वाचली. त्या रात्री आई माझ्याबरोबर जागी होती. सारखी विचारत होती, "आता कुठवर आलं?"

आज सकाळी उठले तर भावाचा व्हिडिओ आलेला. नौदलाच्या 'तारिणी'वरून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. पृथ्वीप्रदक्षिणा करून मुरगावला पोचल्या. गोव्यातच बांधलेली 56 फुटी होडी, 2 ऑक्टोबरला निघालेली, दोघीच जणी, वाटेत चार बंदरं. आईने टीव्हीवर पाहिलं म्हणे. म्हणाली, "त्यांच्या घरच्यांना आज जेवण गेलं असेल नीट."

अजून कामं आहेत. शिडं गोड्या पाण्याने धुऊन वाळवली, पण घडी घालायची राहिली आहे. फ्रीज पुसला. भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून उद्या व्हिनेगरचा हात फिरवायचा. झडपा बंद करायच्या, गांधीलमाश्या घर करू नयेत म्हणून इंजिनाचं धुराडं बोळ्याने बुजवायचं. आमसुलांची बरणी रिकामी झाली आहे, ती धुऊन बॅगेत टाकली. आईने सांगितलंय, या वर्षीचे रातांबे फोडून झाले, सालं उन्हात आहेत, पाऊस यायच्या आत घरात घ्यायची.

शनिवारी रात्री विमान आहे.