आत काय आले, बाहेर काय गेले?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बाके, घंटा आणि मधल्या सुट्टीतले डबे यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. हे पान मी शाळेच्या आजच्या विज्ञानशिक्षकांसाठी मागून घेतले आहे. शिक्षकांबरोबर बसून पाठ आखणे हे माझे काम. शाळेच्या उपयोगी पडेल असे माझ्यापाशी तेवढेच आहे.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2012 मध्ये शालेय विज्ञानाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात सात ‘क्रॉसकटिंग कन्सेप्ट्स’, म्हणजे विज्ञानाच्या सगळ्या शाखांतून आडव्या जाणाऱ्या संकल्पना, आहेत : आकृतिबंध, कारण-परिणाम, मोजमाप व प्रमाण, प्रणाली व प्रारूपे, ऊर्जा व द्रव्य, रचना व कार्य, स्थैर्य व बदल. प्रकरणे हा ताणा मानला, तर हा बाणा. मात्र ही यादी फळ्याशेजारी टांगून काही साधत नाही. मुले सात नावे पाठ करतात आणि पेपरात एक प्रश्न वाढतो. त्यापेक्षा एका सत्रात एकच धागा धरावा, त्याचा एक साधा प्रश्न करावा आणि तो प्रत्येक प्रकरणात त्याच शब्दांत विचारावा. शब्द बदलले की मुलांना तो वेगळाच प्रश्न वाटतो.

‘ऊर्जा व द्रव्य’ या धाग्याचा प्रश्न : आत काय आले, बाहेर काय गेले?

सुरुवात नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’पासून करता येते. शीतपेयाची 1 लिटरची रिकामी प्लॅस्टिक बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको, काचेची तर नकोच. तिच्यात 50 मिली व्हिनेगर ओता. छोट्या परीक्षानळीत 2 ग्रॅम खाण्याचा सोडा भरून नळी बाटलीत अलगद उभी सोडा, झाकण घट्ट लावा आणि वजन करा. मग बाटली आडवी करून हलवा, फसफस थांबली की पुन्हा वजन करा. काटा हलत नाही. आता झाकण उघडा. सुस्स आवाज होतो आणि वजन सुमारे 0.8 ग्रॅमने उतरते. यासाठी 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. स्वयंपाकघरातल्या 1 ग्रॅमच्या काट्यावर हा फरक हरवतो. सोडा 2 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, दाब वाढतो.

झाकणाऐवजी फुगा लावायचा मोह टाळावा. फुगलेला फुगा हवा बाजूला सारतो, आणि 1 लिटर हवेचे वजन साधारण 1.2 ग्रॅम असते. हवेच्या वर ढकलणाऱ्या (उत्प्लावक) बलाने काटा कमी वजन दाखवतो आणि द्रव्य नाहीसे होत नाही हा नियम खोटा ठरल्यासारखे होते. आणखी एक खाच : 2 ग्रॅम सोड्यातून कार्बन डायऑक्साइड 1 ग्रॅमच्या किंचित वर निघतो, मग घट 0.8 का? कारण बाहेर पडते ते बाटलीतली हवा आणि हा वायू यांचे मिश्रण. बराच वायू आतच राहतो. एखादा हुशार मुलगा हे विचारतोच. उत्तर तयार ठेवावे.

हा प्रयोग प्रकाशसंश्लेषणाच्या आधी का घ्यायचा? झाडाचे वजन कुठून येते, असे विचारले की बहुतेक हात ‘मातीतून’ म्हणत वर होतात. अडचण झाडाची नसते. वायूला वजन असते हेच मुलांना मनातून पटलेले नसते. बाटलीनंतर सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ व्हॅन हेल्मॉन्ट याच्या कुंडीतल्या झाडाचे आकडे फळ्यावर मांडा (1648 मध्ये छापलेले). सुमारे 90 किलो कोरडी माती, विलो नावाच्या झाडाचे 2.3 किलोचे रोप, पाच वर्षे फक्त पाणी. झाड 77 किलोच्या आसपास गेले, माती घटली जेमतेम 57 ग्रॅम. सगळे पाण्यातून आले, असा निष्कर्ष त्याने काढला. इथे थांबून तोच प्रश्न विचारायचा : आत आलेले काय मोजायचे राहिले? वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे त्यानंतर सांगावे. आधी सांगितले की कोडेच उरत नाही.

‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’ शिकवताना दोन रंगांचे खडू घ्या, पांढरा द्रव्याला आणि लाल ऊर्जेला. विघटकांकडून मातीकडे जाणारा बाण मुले हमखास दोन्ही रंगांत काढतात. पांढरा बरोबर, लाल बाण मात्र प्रत्येक पायरीवर उष्णता म्हणून बाहेर जातो, परत येत नाही. चूक लगेच पुसू नका, त्या बाणावर बोट ठेवून तोच प्रश्न विचारा.

बाकीच्या सहा धाग्यांनाही असाच एकेक प्रश्न शोधावा लागतो. ‘मोजमाप व प्रमाण’चा सोपा आहे : दुप्पट केले तर काय दुप्पट होईल? 1, 2 आणि 4 सेंमी बाजूच्या घनांत पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर 6, 3, 1.5 असे उतरत जाते. ‘आकृतिबंध’ला चांगला प्रश्न मला अजून सुचलेला नाही.

धागा पकडला की नाही हे कळायला न शिकवलेला प्रसंग द्यावा : लोखंडी खिळा पूर्ण गंजला, गंज न सांडता वजन केले, तर वाढेल की घटेल? ‘घटेल, कारण लोखंड खाल्ले गेले’ असे उत्तर निम्म्या वर्गाने लिहिले, तर पुढचा पाठ घेऊ नये. बाटली पुन्हा काढावी, आणि या वेळी वजन करण्याआधीच प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावावा.