आमची वाटचाल: पुठ्ठ्याचा त्रिकोण बाजूला ठेवला तेव्हा

२०१३ साली नागपूरच्या बजाजनगरात, घराच्या पुढच्या खोलीत, सहा मुलांवर आमचा चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. निसर्गचित्र म्हटलं की सगळी मुलं एकच चित्र काढायची: दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, खाली नदी, बाजूला नारळ. मीही तेच सुबक करून घ्यायचे. पुठ्ठ्याचे त्रिकोण, चौकोन, गोल कापून ठेवले होते; मुलं ते कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची. पालक खूश होते. तीन वर्षांत पन्नास मुलं झाली.

मग एका जानेवारीत मुलांना काटोलकडे संत्र्याच्या बागेत नेलं. बांधावर बसून नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "ताई, डोंगर तं वरून सपाट आहे न! त्रिकोण कुठी बसवू?"

तिचं खरं होतं. इकडच्या टेकड्या काळ्या पाषाणाच्या, लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसून झालेल्या. माथा सपाट, बाजू उतरत्या. म्हणजे समलंब चौकोन. इतकी वर्षं मी मुलांना न पाहता काढायला शिकवत होते, हे मला त्या बांधावर कळलं.

पुठ्ठे बंद केले, आकार ठेवले. फ्रेंच चित्रकार पॉल सेझान यांनी १९०४ साली एका पत्रात लिहिलं होतं की निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू यांच्या रूपात पाहावं. आमच्याकडे आता पहिला अर्धा तास पेन्सिल हातात नसते. डोळे किलकिले करायचे आणि मोठे आकार शोधायचे. संत्र्याचं झाड म्हणजे जमिनीला टेकू पाहणारा गोल. बागेत दोन झाडांत साधारण वीस फूट अंतर असतं, पण कागदावर ते मागे मागे कमी होत जातं. फुटाळा तलावाच्या काठावर मुलं उभी राहतात, मग उकिडवी बसतात, पुन्हा उठतात: डोळे खाली आले की पाण्याचा पट्टा चपटा होतो. हे सांगून कळत नाही, बसून उठूनच कळतं. सावली शिकवायला खरं संत्रं उन्हात धरते. उजेडाची बाजू, मधली, काळोखी, आणि खाली जमिनीवरून परतलेला मंद उजेड.

पुठ्ठे बंद केले त्या वर्षी चौदा मुलं वर्ग सोडून गेली. एका शाळेला प्रदर्शनासाठी शंभर सारखी चित्रं हवी होती. मी नकार दिला, काम गेलं. वर्ग टिकला तो मे महिन्याच्या शिबिरांवर. आमच्या उन्हात जलरंगाचा हात पुरा फिरायच्या आत कागद वाळतो आणि डाग पडतात. म्हणून शिबिर सकाळी साडेसहाला, आणि कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करून पाटीवर चिकटवायचा.

आज त्रिमूर्तीनगरात दोन खोल्या आहेत. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारीही होते, पण रविवार बाहेरचाच. सध्या मोठी मुलं दीक्षाभूमीच्या घुमटावर काम करताहेत: पांढऱ्या अर्धगोलावर सकाळी आठची सावली नेमकी कुठून सुरू होते, यावर गेले दोन रविवार त्यांचा वाद चालू आहे.